भुऱ्या म्हातारा, सरकी दीड महिन्याची. दोघांना एका ओसरीत कसं नांदवायचं?

तुराटी | ६ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमचं गाव. घरात सासूबाई, हे, मी, सहा वर्षांचा मुलगा आणि भुऱ्या. भुऱ्या ११ वर्षांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो आधीच या घरात मोठा झालेला होता. रात्री ह्यांच्यासोबत वावरात जागलीला जायचा, रानडुकरांचा कळप शिवारात शिरू द्यायचा नाही. दोन वर्षं झाली, आता जागल होत नाही त्याच्याने. ओसरीच्या कोपऱ्यात पोत्यावर पडून असतो. उन्हाची तिरीप सरकली की तोही सरकतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, हे नाल्याकडून येत होते. रपट्याच्या कडेला गाडीखाली येऊन मेलेली कुत्री होती आणि तिच्या पोटाशी लागलेलं एक पिल्लू. दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं. पांढरं, पाठीवर काळे ठिपके, ओंजळीत मावेल एवढं. मुलाने बघताक्षणी नाव ठेवलं, सरकी.

सरकी दिवसभर आईचं पोट शोधते आणि घरात तसं ऊबदार पोट एकच आहे. पहिल्या दिवशी ती जवळ आली तर भुऱ्या उठून दुसरीकडे जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या मांडीवरून चढून पोटाशी तोंड लावायला लागली आणि तो असा गुरगुरला की आठ वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. सासूबाईंनी हातातला खराटा फेकून मारला, "लेकराले खाते काय रे!" म्हणून. तेव्हापासून भुऱ्या ढोरांच्या कोठ्यात कुटाराच्या ढिगावर जाऊन पडलाय. ओसरीवर येत नाही. भाकर शिवत नाही. आज संध्याकाळी मी दुधात भाकर कुस्करून नेली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मला सरकीला परत रपट्यावर सोडायचं नाही. पण हे घर आधी भुऱ्याचं आहे. त्याच्या म्हातारपणी त्याच्यावर अन्याय झाला असं मला वाटून राहिलं आहे. कोणी दोन कुत्री अशी नांदवली आहेत का?

रपट्यावरचा | ६ सप्टेंबर, रात्री १०.०५

नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते, तुम्ही दूधभाकर घेऊन कोठ्यात गेलात. तुमचं घर चांगलं आहे ताई. भुऱ्या परत येईल.

जागलकरी | ६ सप्टेंबर, रात्री १०.३०

ताई, लय मनावर नका घेऊ. माह्या वावरात चार कुत्रे हायेत, सारे असेच आलेले. बुढा कुत्रा पिल्लाले दोन डाव दपटते, पिल्लू चित पडते, पोट दाखवते, इषय संपला. त्यायचं त्यायले करू द्या. आपण मधात पडलो का भांडण वाढते. आणि भाकर नाई खाल्ली तं उद्या खाईन. उपाशी कोणी राह्यत नाई.

ढोरवैद्य | ७ सप्टेंबर, सकाळी ६.५०

ताई, आधी सासूबाईंच्या हातातला खराटा काढून घ्या. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. "काही कारण नसताना चावला" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. कारण असतं. आपण ते ऐकलेलं नसतं.

भुऱ्याने पहिल्या दिवशी उठून जागा सोडली, हे त्याचं बोलणंच होतं. दुसऱ्या दिवशी तेच परत बोलला. मधे त्याने मान वळवली असेल, ओठ चाटले असतील, झोप नसताना जांभई दिली असेल, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसला असेल. एवढं सांगूनही पिल्लू अंगावर चढलं तेव्हा तो गुरगुरला. त्याच्यापुढे कुत्र्याजवळ फक्त दात उरतात. गुरगुरल्याबद्दल मार बसला की कुत्रा गुरगुरणं सोडतो, आणि मग एक दिवस न सांगता चावतो. भुऱ्याने तुम्हाला आगाऊ सूचना दिली, हे त्याचे उपकार समजा.

आता याहून घाईची गोष्ट. पिल्लाच्या आईला लस होती की नाही, काही माहीत नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन्ही रोग अशाच पिल्लांसोबत घरात येतात. पार्व्होची लागण झाल्यावर साधारण ३ ते ७ दिवसांत लक्षणं दिसतात, कधी १४ दिवसही लागतात. म्हणून १४ दिवस दोघांना पूर्ण वेगळं ठेवा. पाण्याची भांडी वेगळी, पोती वेगळी. आधी भुऱ्याला खाऊ घाला, मग सरकीचं करा, आणि नंतर हात-पाय धुऊनच कोठ्यात जा. ओकारी, रक्ताचे घाण वासाचे जुलाब, खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. पिल्लू काही तासांत कोरडं पडतं. भुऱ्याची लस शेवटची कधी झाली?

जागलकरी भाऊ, निरोगी, तरण्या कुत्र्याच्या बाबतीत तुमचं बरंचसं खरं आहे. मोठी कुत्री पिल्लांना चार-पाच महिन्यांची होईपर्यंत बरीच सूट देतात आणि नंतर शिस्त लावतात. पण हा ११ वर्षांचा आहे आणि खाणं सोडून बसलाय. म्हाताऱ्या कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला की मी आधी दुखणं शोधतो.

निंबोणी | ७ सप्टेंबर, सकाळी ९.१५

डॉक्टरांनी १४ दिवस सांगितलेत ते हात जोडून पाळा. हिंगणघाटजवळ आमचं गाव. तीन वर्षांपूर्वी आठवडी बाजारातून मी एक पिल्लू उचलून आणलं, मनी ठेवलं नाव. चौथ्या दिवशी ओकायला लागली, सहाव्या दिवशी गेली. आम्ही रडलो, अंगण झाडलं, फिनाइल टाकलं आणि दोन महिन्यांनी भाचीने तिच्या घरचं पिल्लू दिलं. तेही त्याच रोगाने, त्याच अंगणात गेलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की हा विषाणू साध्या फिनाइलने मरत नाही आणि मातीत कित्येक महिने, वर्षभरसुद्धा टिकतो. आमचं अंगण शेणाने सारवलेलं, त्यात काय धुणार? हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर ते दुसरं पिल्लू आज असतं. रोज संध्याकाळी ते तुळशीच्या ओट्याखाली बसायचं.

ढोरवैद्य | ७ सप्टेंबर, सकाळी ९.५०

निंबोणीताई, वाईट वाटलं. तुमची चूक नाही, हे गावोगावी होतं.

सगळ्यांसाठी सांगतो. सिमेंटच्या किंवा फरशीच्या जागेवर घरी मिळणारं ब्लीच उपयोगी पडतं. १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी घ्यायचं, जागा आधी साबणाने घासून घाण काढायची, मग हे पाणी टाकून १० मिनिटं ओलं राहू द्यायचं. सारवलेल्या जमिनीवर ते चालत नाही, कारण शेण-मातीत ब्लीचचा जोर मरतो. तिथे वरचा थर खरवडून लांब पुरायचा, ऊन लागू द्यायचं आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू वर्षभर त्या जागेवर ठेवायचं नाही. म्हणून तुराटीताई, सरकीला सध्या सारवणावर ठेवू नका. घरात फरशीची जागा आहे का?

तुराटी | ७ सप्टेंबर, दुपारी १.२०

न्हाणीघराबाहेर शहाबादी फरशीचा तुकडा आहे, वर टिनाचं छप्पर आहे. तिथे हलवते. भुऱ्याला रेबीजची लस दरवर्षी देतो, पण बाकीची मागची दोन-तीन वर्षं राहिली. आमचीच हयगय झाली.

सासूबाईंना डॉक्टरांचं सगळं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने कोठ्याकडे जाऊन "भुऱ्या, ये बाप्पा" म्हणून हाक मारून आल्या. तो आला नाही, शेपूट मात्र दोनदा आपटली कुटारावर.

चाफा_पुणे | ७ सप्टेंबर, दुपारी ३.००

मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, त्यामुळे तुमच्या अंगणाची मला पूर्ण कल्पना नाही. आमच्याकडे १२ वर्षांची लॅब्राडोर होती तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमधलं पिल्लू आणलं होतं. आम्हाला तारलं ते लहान मुलांसाठी दारात लावतात त्या जाळीच्या फाटकाने. दोघी एकमेकींना बघायच्या, वास घ्यायच्या, पण पिल्लू अंगावर जाऊ शकत नव्हतं. म्हातारीला हवं तेव्हा तिथून निघून जाता यायचं. तीन आठवडे फाटक बंद होतं. मग रोज दहा मिनिटं उघडायचो.

पिल्लू रात्री रडत असेल तर कोमट पाण्याची बाटली जुन्या कपड्यात गुंडाळून कुशीला द्या. तिला खरं तर ऊब हवी आहे.

रपट्यावरचा | ७ सप्टेंबर, दुपारी ३.२०

फाटकाला आपल्याकडे बांबूचा तट्टा आहे की! बुरुडाकडून एक विणून घ्या. दोन बल्ल्यांना सुतळीने बांधला की झालं. आरपार दिसतंही आणि वाराही येतो. कोंबड्या झाकायचं डालगं मात्र वापरू नका. माझ्या पुतण्याने एकदा पिल्लावर पालथं घातलं, पिल्लू डालग्यासकट अंगणभर फिरलं आणि शेवटी पाण्याच्या टाक्यात पडलं. वाचलं, घाबरू नका.

मेळघाट_वाट | ८ सप्टेंबर, सकाळी ७.३०

अवांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिस्टेंपरची लस फक्त आपल्या कुत्र्यासाठी नसते. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यात हाच विषाणू सापडला होता. आपल्या विदर्भात मेळघाट, ताडोबा, पेंच, टिपेश्वर, जंगलाला लागून किती गावं आहेत! गावातलं आजारी कुत्रं जंगलाच्या कडेला मरतं आणि बिबट्या त्याच्यावर येतो. गावातल्या कुत्र्यांना लस मिळाली तर जंगलातलं जनावरही वाचतं.

आणखी एक. जंगलाजवळच्या गावात पिल्लाला रात्री अंगणात साखळीने बांधून ठेवू नका. बांधलेलं कुत्रं बिबट्याच्या तोंडी आयतं दिल्यासारखं असतं. आमच्या गल्लीतून एका हिवाळ्यात तीन गेली. घराच्या आत घ्या.

जागलकरी | ८ सप्टेंबर, सकाळी ८.१०

हे बिबट्याचं खरं हाय. आमच्याइकडे बी तेच.

पण बाकी तुमचं आयकून मले वाटते का आपण कुत्र्यायले माणूस करून राह्यलो. १४ दिवस, तट्टा, गरम पाण्याची बाटली. आमच्या बापानं काई नाई केलं. कुत्रे होतेच ना.

ढोरवैद्य | ८ सप्टेंबर, सकाळी ८.४५

होतेच भाऊ. किती पिल्लं जगायची ते मात्र कोणी मोजलं नाही.

तुराटी | १० सप्टेंबर, रात्री ८.३०

आज सरकीला पहिली लस झाली. वजन दोन किलोच्या थोडं वर. जंताचं औषध पण दिलं. डॉक्टर म्हणाले, लसी दर तीन-चार आठवड्यांनी ती १६ आठवड्यांची होईपर्यंत द्यायच्या आणि रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. जंताचं औषध सध्या दर पंधरा दिवसांनी. भुऱ्याचीही राहिलेली लस देऊन घेतली.

तिला आम्ही गाईचं दूध वाटीभर पाजत होतो, त्याने पोट बिघडलं होतं. आता मऊ भात, उकडलेलं अंडं, हाड काढून उकडलेली कोंबडी, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. पाव्हण्यांसाठी केलेला रस्सा कोणी द्यायचा नाही असं घरात बजावलंय. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो हे मला माहीतच नव्हतं.

भुऱ्या अजून कोठ्यातच. दूध पितो, भाकर ठेवतो.

तुराटी | ११ सप्टेंबर, रात्री ९.१०

घाबरून लिहिते आहे. मुलगा सरकीला अंडं भरवत होता, तिचा दात बोटाला लागला. थेंबभर रक्त आलं. ती चिडलेली नव्हती, खाण्याच्या घाईत लागला. सासूबाईंनी हळद-चुना लावला. एवढंसं पिल्लू आहे, ठणठणीत आहे, लसही कालच झाली. दवाखान्यात न्यावं का?

जागलकरी | ११ सप्टेंबर, रात्री ९.२५

एवढ्याशा पिल्लाले काय रेबीज राह्यते का ताई. दुधाचे दात हायेत.

गावची_आशा | ११ सप्टेंबर, रात्री ९.३०

काकाजी, माफ करा, पण हे वाचून कोणी घरी बसेल म्हणून स्पष्ट लिहिते. पिल्लालाही रेबीज होतो. आईकडून चावा बसलेला असू शकतो आणि आई तर मेली, तिचं काहीच कळायचं नाही. कालची लस रेबीजची नव्हती, ताईंनीच लिहिलंय वर.

ताई, आत्ता उठा. हळद-चुना धुऊन काढा. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. बोट बांधू नका. सकाळी पहिल्यांदा ग्रामीण रुग्णालय. रक्त आलंय म्हणजे लसीसोबत जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, तसं तिथे स्पष्ट विचारा. सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे. कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, एकही तारीख चुकवायची नाही. पिल्लावर १० दिवस नजर ठेवायचीच, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. हा रोग एकदा दिसायला लागला की वाचवता येत नाही.

ढोरवैद्य | ११ सप्टेंबर, रात्री ९.४०

शब्दन् शब्द बरोबर. ताई, पाणी सोडा आधी, इथे नंतर लिहा.

तुराटी | १२ सप्टेंबर, दुपारी २.००

धुतलं, सकाळी नेलं. दोन्ही दिलं. पोरगं बोटात सुई जाताना खूप रडलं, बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "सरकीले मारशील तं नाई ना आई?" पुढच्या तारखा १५, १९ आणि १० ऑक्टोबर, कॅलेंडरवर लाल गोल केलेत. आशाताई, तुमचे उपकार कसे फेडू?

जागलकरी | १२ सप्टेंबर, दुपारी २.३०

म्या चुकीचं बोललो. आशाबाई, तुमचं खरं हाय. माह्या नातवाले मागच्या महिन्यात असंच खरचटलं होतं, आमी चुना लावून सोडून देल्लं. उद्या त्याले नेतो.

गावची_आशा | १२ सप्टेंबर, दुपारी २.३५

नक्की न्या काकाजी. उशीर झाला असला तरी जायचंच. २८ सप्टेंबरला रेबीज दिवस असतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी कुत्र्यांना फुकट लस देतात. तुमच्या चारही कुत्र्यांना घेऊन जा.

तुराटी | १६ सप्टेंबर, रात्री ९.००

आज एक गोष्ट कळली आणि दिवसभर डोळ्यांत पाणी आहे. गाईला बघायला तालुक्याचे डॉक्टर आले होते. त्यांना म्हटलं, जरा भुऱ्यालाही बघा, रुसून बसलाय. त्यांनी कमरेवर हात फिरवला. मागच्या डाव्या पायाशी हात गेला तशी त्याची कातडी थरथरली आणि त्याने मान वळवून डॉक्टरांच्या मनगटाला नाक लावलं, चावला नाही. मग ओठ वर करून दात दाखवले मला. वरची मागची मोठी दाढ तुटलेली, हिरडी सुजलेली, पू. डोळ्याखाली बारीकशी सूज होती, ती मला केसांत दिसलीच नाही.

म्हणजे भाकर त्याला चावता येत नव्हती. आणि सरकी चढली ती नेमकी त्याच दुखऱ्या मांडीवर. त्याला मार बसला तो कशासाठी? सासूबाई तेव्हापासून त्याच्याजवळ कोठ्यात बसून आहेत, कुटारातच.

दाढ काढायला भूल द्यावी लागेल, अकोल्याला पशुवैद्यकीय संस्थेत न्या म्हणाले. तोवर घरातली दुखण्याची गोळी देऊ का?

ढोरवैद्य | १६ सप्टेंबर, रात्री ९.१०

नाही नाही नाही. पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, माणसाची कुठलीही दुखण्याची गोळी देऊ नका. कुत्र्याचं यकृत, किडनी, पोट यांनी कायमचं बिघडतं, जीवही जातो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं कुत्र्याचंच औषध, वजनावर मोजून. तोवर भात मऊ करून, वरणाच्या पाण्यात, कोमट. वरणाला फोडणी नको.

ताई, स्वतःला बोल लावू नका. दाताचं दुखणं कुत्रा लपवतो. तुम्ही विचारलंत म्हणून सापडलं.

मेळघाट_वाट | १६ सप्टेंबर, रात्री ९.३०

डायक्लोफेनॅकचं नाव निघालं म्हणून. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, मेलेल्या ढोरांच्या अंगातल्या त्या औषधाने गिधाडं संपली म्हणून. आमच्या लहानपणी ढोरफोडीवर गिधाडं बसलेली असायची, आता पोरांना चित्रात दाखवावी लागतात.

जागलकरी | १७ सप्टेंबर, सकाळी ६.१५

रातभर झोप नाई आली. ताईचं वाचून माहा लाल्या आठवला. लय वर्षं झाले. बुढा झाल्ता, डोळ्यानं दिसत नव्हतं. पोट्ट्यायनं एक पिल्लू आणलं, म्या म्हटलं त्यायचं त्यायले करू द्या. लाल्या झोपला व्हता, पिल्लानं जाऊन त्याच्या तोंडावर उडी घेतली. लाल्यानं झोपेतच धरलं. पिल्लू जाग्यावर मेलं. लाल्या त्याले हुंगत राह्यला, मंग बाजीखाली जाऊन बसला, दोन दिवस निघाला नाई. सारे म्हणे पिसाळला, मारून टाका. म्या नाई मारू देल्लं. पण पिल्लू तं गेलं. तट्टा बांधला असता तं दोघं बी राह्यले असते.

ताई, तट्टा बांधा. माहं आदीचं बोलणं वापस घेतो.

निंबोणी | १७ सप्टेंबर, सकाळी ७.००

काका, हे लिहिलंत म्हणून किती पिल्लं वाचतील.

तुराटी | २७ सप्टेंबर, रात्री ८.००

सांगायचं राहूनच गेलं होतं. २१ तारखेला छोट्या हत्तीत (टेम्पोत) गादी टाकून भुऱ्याला अकोल्याला नेलं. दाढ काढली. सांध्यांसाठी औषध सुरू झालं. सहा दिवसांत फरक आहे. काल त्याने स्वतः पायरी चढली आणि ओसरीवर येऊन आपल्या जागेचा वास घेतला. त्या जागी नवं पोतं, खाली कुटार भरलेलं, सासूबाईंनी करून ठेवलं होतं.

सरकीचे १४ दिवस होऊन गेलेत, ठणठणीत आहे. चाव्यानंतर तिच्यावर नजर ठेवायचे १० दिवसही नीट गेले, मुलाची लस मात्र चालूच आहे. तट्टा आला, ओसरीच्या एका बाजूला बांधला. आता दोघांची भेट कशी घालू? मूळ प्रश्न तिथेच आहे माझा.

ढोरवैद्य | २७ सप्टेंबर, रात्री ८.४०

आता वेळ आली. पहिली भेट ओसरीवर नको, ती भुऱ्याची जागा आहे. तुमच्याच वावरात, धुऱ्यावर. गावातल्या उकिरड्याकडे किंवा बाजाराकडे सरकीला अजून नेऊ नका, लसी पूर्ण व्हायच्या आहेत. फवारणी झालेल्या पिकाच्या ओळींत तर दोघांनाही नाही, आणि औषधाचे रिकामे डबे धुऱ्यावर पडलेले असतील तर आधी उचला. पिल्लू दिसेल ते चघळतं.

भुऱ्याला ह्यांनी धरायचं, सरकीला तुम्ही. दोऱ्या सैल. ताणलेल्या दोरीने कुत्र्याला वाटतं काहीतरी संकट आहे. तोंडातोंडी आणू नका, दहा-पंधरा पावलं अंतर ठेवून एकाच दिशेने चाला. भुऱ्या पुढे. त्याला हवं असेल तर तो वास घेईल. तीन-चार सेकंद झाले की पुढे चला. भुऱ्याने मान फिरवली की सरकीला लांब घ्या, त्याला परत गुरगुरायची वेळ येऊ देऊ नका. घरी आल्यावर खाणं वेगवेगळ्या जागी, ते कायमचंच. आणि दिवसातले काही तास भुऱ्याचे एकट्याचे, सरकी तट्ट्याआड.

चाफा_पुणे | २७ सप्टेंबर, रात्री ९.००

आणि हाक आधी भुऱ्याला मारा, थापही आधी त्याला. आमची म्हातारी एवढ्याने निवळली होती.

तुराटी | १९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

उशीर झाला लिहायला, सोयाबीन काढणी होती.

पहिले दोन दिवस धुऱ्यावर भुऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो त्याच्या जुन्या वाटेनेच चालला, जागलीच्या मांडवापर्यंत. तिथे खांबाचा बराच वेळ वास घेतला. तिसऱ्या दिवशी सरकी मागे रेंगाळली, एका तुरीच्या झाडाशी बसली. हा चार पावलं गेला, थांबला, वळून पाहिलं. हे म्हणाले, "जागलीत मी मागे राहिलो की असाच थांबायचा."

दोस्ती झाली असं म्हणणार नाही. ओसरीवर तो पोत्यावर असला की सरकीने जवळ जायचं नाही. गेली तर घशातून एकदा बारीक आवाज काढतो. ती तिथल्या तिथे बसते, मग हातभर लांबून वळसा घालून जाते. सासूबाई चुलीपाशी बसून बघत असतात. परवा म्हणाल्या, "आयकते बरं का पोरगी."

मुलाचा शेवटचा डोस १० तारखेला झाला. सरकीला काल रेबीजची लस दिली. भुऱ्या भाकर खातो, वरणात भिजवून.

रपट्यावरचा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.४५

वाचून अंगावर काटा आला ताई. आमच्या घरून भुऱ्याला एक उकडलेलं अंडं लागू.

जागलकरी | २० ऑक्टोबर, सकाळी ६.००

लय चांगलं झालं ताई. नातवाच्या लसी बी झाल्या. माह्याघरी काल एक पिल्लू आणलं पोट्ट्यायनं, आणि माही गंगी आता दहा वर्षांची हाय. तट्टा केवढा करू? बुरुड इचारून राह्यला.

तुराटी | २० ऑक्टोबर, सकाळी ६.४०

काकाजी, उंची कमरेएवढी, लांबी तुमच्या ओसरीएवढी. आणि विणायला सांगताना फटी दोन बोटांपेक्षा मोठ्या नको म्हणा, आमच्या सरकीचं डोकं एकदा अडकलं होतं. खालची कड जमिनीला टेकलेली पाहिजे.